खाऱ्यावर तरंगणारं गोडं पाणी

मी एक जुनी विहीर आहे, मित्रांनो, काराकुम वाळवंटातल्या वाळूतली. मला दगडी बांधकाम नाही. साक्सौल या वाळवंटी झुडपाच्या वेड्यावाकड्या फांद्या विणून मला सावरलं आहे. शेजारच्या चिकणमातीच्या पटांगणावर पाऊस पडला की पाणी चरांतून माझ्याकडे येई आणि वाळूत मुरे. खाली सगळं खारं पाणी, आणि त्यावर हे गोडं, दुधावरच्या सायीसारखं.

वस्तीतली म्हातारी ओगुलसापार तिची उंटीण हाकून मोट ओढायची आणि गुणगुणायची, 'सावकाश चाल गं, सावकाश चाल, खाली निजलंय माझं पाण्याचं बाळ.'

मग तिचा मुलगा ताचमिरात पाणी उपसायची मोटार घेऊन आला. म्हणाला, "आई, तुझी उंटीण दिवसभरात काढते तेवढं मी चहा उकळेपर्यंत काढतो." काढलंही. मेंढ्या वाढल्या, सगळे खूश झाले. चर मात्र वाळूनं बुजत गेले आणि माझी साय पातळ होत गेली.

एका सकाळी सून बेगुलनं चहाचा पहिलाच घोट थुंकला. "सासूबाई, यात मीठ कुणी टाकलं?"

कुणीच टाकलं नव्हतं. मोटारीनं खालचं खारं पाणी वर ओढलं होतं.

वस्ती हलवायचं ठरलं. तंबूचे लोकरी नमदे गुंडाळले गेले. ओगुलसापार मात्र माझ्या काठावरून उठेना.

"आई, मेली ती विहीर. चल आता."

"मेली नाही, दमलीय. तूच पळवून पळवून दमवलंस तिला. फावडं घे, चर मोकळे कर."

"आणि पाऊस नाहीच पडला तर?"

"तर तुझ्या सासुरवाडीला जाऊ. तुझी सासू चहा किती गोड करते, तेही बघून घेईन."

बेगुलला हसू आवरेना. ताचमिरातनं फावडं उचललं.

मेंढ्या शेजाऱ्यांच्या विहिरीवर गेल्या, पिण्याचं पाणीही तिथूनच येऊ लागलं. मोटार विकली. वसंतात पाऊस आला, चरांतून खळखळत माझ्यापर्यंत पोहोचला. तरी ओगुलसापारनं कुणाला पाणी काढू दिलं नाही. पुढच्या वसंतातही नाही. मी निवांत पडून राहिले आणि थेंबाथेंबानं साय धरत गेले.

अखेर तिनं एक मोट काढली, चहा केला आणि पहिली वाटी लेकाला दिली. तो प्यायला. रिकामी वाटी त्यानं पुन्हा पुढे केली.

मित्रांनो, जगभर माझ्या कितीतरी बहिणींचं पाणी खोल चाललं आहे. पण काहींचं पुन्हा वर चढतंही आहे, कारण कुणीतरी त्यांना विसावा दिला. तुमच्या पायांखालीही पाणी निजलेलं असेल. त्याला मुरायला वेळ द्या, आणि उपसाल तेव्हा हलक्या हातानं उपसा.