तांब्याच्या कठड्यांची खाट

नजमानं खाटेचे कठडे पुसले आणि फडकं पिवळ्या पिशवीत टाकलं. सिंहगड रस्त्यावरच्या त्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात एवढ्या एकाच खाटेला तांब्याचे कठडे होते. तांब्यावर जंतू तग धरत नाहीत, म्हणून प्रयोगासाठी बसवलेले. ऑपरेशन झालेली एक मुलगी थोड्या वेळात तिथं यायची होती.

"शिस्टर, आमच्या मालकास्नी हितं हलवा की."

धायरीच्या सोजरबाई. त्यांचे सोनबा शेजारच्या स्टीलच्या खाटेवर नळ्यांच्या गुंत्यात निपचित पडले होते. जखमेतल्या जंतूंना एकही औषध लागू पडत नव्हतं. हिंजवडीतला मुलगा इंटरनेटवर वाचून रोज फोनवर नवं औषध सुचवायचा, तेवढीच प्रगती.

"ती खाट दुसऱ्यांसाठी आहे, मावशी."

"जल्मभर तांब्याच्या हंड्यातलं पानी प्यालं त्ये. तांबं मानवतं त्यास्नी."

नजमाची सलग दुसरी पाळी चालू होती. पाय भरून आले होते. आत येताना हात धुवा, जाताना धुवा, हे सांगून घसा बसला होता. येताना सगळे धुवायचे, जाताना कुणी नाही. आता खोटा धीर द्यायचा, तर त्यालाही अंगात जोर लागतो.

"तांब्यानं ते बरे होणार नाहीत. जंतू त्यांच्या अंगात आहेत. त्यांच्या कठड्याला आपला हात लागतो, मग तोच हात दुसऱ्या पेशंटला. कठड्यावरचे जंतू तांबं मारतं, एवढंच. बाकीच्यांना लागण होऊ नये म्हणून."

सोजरबाईंचा हात सोनबांच्या कठड्यावर होता. त्यांनी तो सावकाश उचलला आणि कुठं ठेवावा ते न कळून तसाच अधांतरी धरला. इतकं स्पष्ट बोलायला नको होतं, असं नजमाला वाटून गेलं.

"म्हंजी ह्ये उठायचं न्हाईत."

नजमानं सलाइनची नळी सरळ केली.

"मग तर ह्यास्नीच द्या ती खाट," सोजरबाई म्हणाल्या. "जल्मात कुनाचा बांध कोरला न्हाय त्येंनी. आता जाताजाता त्येंच्यापायी कुनाचं वाईट व्हाया नगं."

एवढं बोलून त्या दाराजवळच्या बेसिनपाशी गेल्या. बांगड्या कोपरापर्यंत सारून त्यांनी हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मग खांद्यानं दार ढकलून बाहेर पडल्या.

नजमानं वॉर्डबॉयला हाक मारली.

"आजोबांना इकडे घ्यायचंय. मुलीला कोपऱ्यातली खाट."

"पण सिस्टर, डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टरांशी मी बोलते. तू आधी हात धू."

दोघांनी मिळून सोनबांना हलवलं. चादर नीट करून नजमानं मान वर केली. काचेपलीकडे सोजरबाई उभ्या होत्या. हात अजून ओलेच होते. त्यांनी ते पदरालाही पुसले नव्हते.