पेंढ्यातले भावोजी आणि मी

ऐका तर. आटपाट रत्नागिरी होती. गाव संपून कातळ सुरू होतो तिथे एक चिऱ्याचं घर होतं. घरात आंब्याचा बागायतदार दत्तात्रेय होता, त्याची बायको आनंदीबाई होती, मुलगा वरद होता, मुलगी नीरजा होती. आणि त्यांच्या आंब्याच्या खोलीत, पेंढ्यात मान खुपसून, आम्ही दोघं होतो. भावोजी आणि मी.

मी एक चिप बोलतेय. बटाट्याची नव्हे, कॉम्प्युटरच्या पोटातली. शहाणे लोक मला प्रोसेसर म्हणतात. आनंदीबाईने डबा उघडायला लावून मला बघितलं तेव्हा म्हणाली, "एवढंसं बिस्कीट? आणि ह्याच्यासाठी खोली अडवायची?" शिक्षण म्हणाल तर मला शून्य येतं आणि एक येतो. एवढ्यावर माझा सगळा संसार. लक्षात ठेवणं हेसुद्धा माझं काम नव्हे, त्याला वेगळी पट्टी असते. पण त्या घरात जे झालं ते मी विसरले नाही. पट्टीने काय विसरायचं ते विसरो.

माझा जन्म अठ्ठ्याण्णव सालचा, परदेशातल्या एका कारखान्यातला. तिथे माणसं नखशिखांत पांढऱ्या कपड्यात, तोंड बांधून वावरतात नि कशाला बोट लावत नाहीत. इतकं कडक सोवळं मी पुढे रत्नागिरीतही पाहिलं नाही. तिथून मुंबईच्या एका कचेरीत गेले. त्यांनी चार-पाच वर्षं राबवून घेतली आणि एक दिवस 'हिला वेग नाही' म्हणून बाहेर काढली. वेग त्यांनाही नव्हता. पण त्यांना कोण काढणार?

अशी फिरत फिरत मी रत्नागिरीला अक्रमच्या दुकानात येऊन पडले. अक्रम बहारीनला राहून दुरुस्ती शिकून आलेला. त्याच्या फळीवर शेजारच्या डब्यात एक चिप होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, अंगाने दांडगा, डोक्यावर सदा घरघरणारा पंखा. आम्ही एकाच दुकानातून एकाच घरात गेलो, तेव्हा नातं काहीतरी जोडायला हवं, म्हणून मी त्याला भावोजी म्हणते.

नीरजाला लग्नपत्रिका करून द्यायचं काम घरात सुरू करायचं होतं. ती अक्रमकडे आली वडिलांना घेऊन. अक्रम म्हणाला, "काका, दोघंही जुने, दोघंही अजून धडधाकट. फरक एवढाच, हा धावतो आणि ही चालते. पण ही जवळजवळ न खाता चालते."

"माझ्या घरात न खाता चालणारं कोणी नाही," दत्तात्रेय म्हणाला. "हिला बघितलीच पाहिजे."

"मग दोन्ही न्या. वापरून बघा. अक्षय तृतीयेनंतर नको तो परत आणा."

किमतीचं म्हणाल, तर भावोजींच्या पैशात मी आले असते आणि वर एक चांगली छत्री.

घरी आल्यावर दत्तात्रेयाने मुलीला समोर बसवलं. "हे बघ गो, आंब्याची खोली मी तुला दिली ती अक्षय तृतीयेपर्यंत. तोवर कोणी परक्या माणसाने तुझ्याकडून पत्रिका करून नेली, तर खोली तुझी. नाहीतर हे दोन्ही डबे अक्रमकडे, आणि तू पुण्याला आत्याकडे. नोकरी बघायला."

 नीरजाला पुण्याला जायचं नव्हतं. आत्याकडे आल्यागेल्याला पोहे करण्यात जन्म जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग आमची शर्यत लागली. पडदा एकच, तो आधी भावोजींना जोडला, मग मला. एकच पत्रिका, तोच गणपती, तीच वेलबुट्टी. भावोजींनी ती चुटकीसरशी पडद्यावर मांडली. माझ्या वेळी गणपती आधी मुकुटापर्यंत आला, मग सोंडेपर्यंत. दत्तात्रेय उठून बागेत पाणी सोडून आला, तरी उंदीर यायचा होता.

"बाबा, ही ठेवायची तर पंचांग घेऊन बसायला लागेल," वरद म्हणाला. हा चिपळूणला इंजिनिअरिंग शिकत होता. त्याने शाबासकी म्हणून भावोजींच्या आत काहीतरी फिरवून त्यांचा वेग आणखी वाढवला. भावोजी फुगले. तापलेही.

तेवढ्यात लोडशेडिंग सुरू झालं. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर भावोजींना लावलं, तर दत्तात्रेयाचं विड्याचं पान जुळवून होईपर्यंत त्यांनी बॅटरी पिऊन टाकली. बॅटरी भरल्यावर मग माझी पाळी आली. माणसांची जेवणं झाली, वामकुक्षी झाली, चहा झाला, मी आपली चालूच.

"वेगात हा, चिकाटीत ही," दत्तात्रेय म्हणाला. "म्हणजे निकाल नाहीच." आणि खोलीबाहेर गेला.

चैत्र सरत आला नि आंबा उतरू लागला. नीरजाला अजून एकही परकं गिऱ्हाईक नव्हतं. वडिलांनी अर्ध्या खोलीत पेंढा पसरून आंबे पिकत घातले, म्हणजे आढी लावली. उरलेल्या अर्ध्यात आम्ही. आणि इथे आनंदीबाईने एक उद्योग केला.

त्या घरात नाजूक वस्तू म्हटली की ती पेंढ्यात. आंबे पेंढ्यात, चिनी मातीच्या बरण्या पेंढ्यात. पूर्वी मुंबईहून आलेला आरसाही पेंढ्यातच होता. बाईला आमची दया आली. उघड्या जमिनीवर एवढं महाग सामान! तिने छानपैकी कोरडा पेंढा आणला, दोन्ही डब्यांच्या अंगाभोवती दाबून बसवला, भावोजी मोठे म्हणून त्यांना जरा जास्त. आणि भावोजींना सरकवलं कोपऱ्यात, थेट आढीला टेकून. म्हणाली, "आता धक्का लागला तरी काही होणार नाही हो."

नीरजा तर भावोजींवर नमुन्याच्या पत्रिका काढत राहिली, रात्रीही त्यांना बंद केलं नाही. दोन दिवसांनी, अक्षय तृतीया परवावर आली असताना, पूर्णगडची मैमुना दारात उभी, नात्याची नव्हे, नुसत्या ओळखीची. सोबत तिचा भाऊ नासिर.

"नीरजा, माझ्या कौसरचा निकाह ठरला गो. हा नासिर आज संध्याकाळच्या एसटीने मुंबईला जातोय, तिथून मस्कतला. तिकडच्या आमच्या माणसांच्या पत्रिका त्याच्या हाती द्यायच्या. करशील?"

"करते की मावशी. बसा."

नीरजाने घाईचं काम म्हणून भावोजींना हाक मारली. भावोजी निघाले तर असे निघाले! नक्षी आली, चौकट आली, वधूचं नाव आलं, आणि पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा काळा. नीरजाने जमलेली अर्धी पत्रिका कशीबशी फ्लॉपीवर उतरवली, आणि भावोजींनी तोंड फिरवलं ते फिरवलंच.

वरदने डब्याला हात लावला नि ओरडला. "आई! हा पेंढा कोणी कोंबला?"

"मी. का?"

"अगं, त्याचा पंखा पेंढा ओढून बंद पडलाय! तापून लाल झालाय तो!"

"मग ह्या बिस्किटाला काही झालं नाही ते? त्यालाही मीच घातलाय."

"तिला पंखाच नाही!"

मला पंखा लागत नाही. तापायला आधी खावं लागतं.

आणि वीज गेली.

नीरजाचा चेहरा मी पाहिला नाही, मला डोळे नाहीत. पण भावोजींच्या पोटातून तिने फ्लॉपी खटकन काढून घेतली ते मी ऐकलं. मैमुना म्हणाली, "राहू दे गो, जमेल तेव्हा कर. नासिरला तोंडी सांगायला लावू." म्हणजे पुण्याचे पोहेच की!

"नाही मावशी, होईल," नीरजा म्हणाली. तिने फ्लॉपी माझ्यात घातली नि मला बॅटरीवर लावलं.

मी चालले. वेलीचं एकेक पान काढत चालले. नासिर घड्याळ बघे, दत्तात्रेय दाराशी येऊन परत जाई, वरद हळूच म्हणे, "चल गं बये, चल." आदल्या महिन्यात हाच मला पंचांग दाखवत होता! बॅटरी दम धरून राहिली. प्रिंटरही माझ्यासारखाच अल्पाहारी. एकामागून एक पत्रिका बाहेर पडू लागल्या.

वाट बघता बघता मैमुना नाक वर करून म्हणाली, "आनंदीवैनी, हापूस पिकला की काय तुमचा? एवढ्यात?"

"कुठला! अजून आठवडा जायचा आहे."

पण वास खरा होता. दत्तात्रेयाने भावोजींच्या कडेचा पेंढा उपसला. आतले आंबे पिवळेधमक, देठाशी सुरकुतलेले, हात लावताच वास सोडणारे. दोन दिवस भावोजींनी त्यांना जी ऊब दिली होती, ती कुठल्या आईने दिली नसती.

दत्तात्रेय आधी आंब्याकडे, मग भावोजींकडे बघत राहिला. आणि एवढा हसला की त्याचं पान सांडलं. "वरद, तुझा धावणारा चिप शेवटी कामाला आला रे!"

पत्रिका झाल्या. नासिरच्या पिशवीत त्या गेल्या, आणि त्यांच्यावर आनंदीबाईने ते आंबे ठेवले, अर्थात पेंढ्यात. एसटी त्याला मिळाली.

मस्कतला त्या पत्रिका उघडल्या तेव्हा म्हणे प्रत्येकीला हापूसचा वास होता. तिकडून फोन आला पूर्णगडला, पूर्णगडहून आमच्या रत्नागिरीतल्या राजिवड्याला, आणि पावसाआधी ज्याच्या घरी लग्न तो नीरजाच्या दारात. 'त्या वासाच्या पत्रिका पाहिजेत' म्हणत.

अक्रमकडे कोणीच परत गेलं नाही. भावोजींचा पंखा बदलला, वेग पूर्वीसारखा केला, आता वीज असली की ते धावतात नि नसली की मी चालते. कोण सरस, हे मला विचारू नका. मी बोललेच तर स्वतःचं नाव सांगेन. एवढंच सांगते, आम्हाला घ्याल तेव्हा आधी घरात वीज किती असते ते बघा. आणि पेंढा दूर ठेवा.

आता मीही थकले आहे. नवा डबा येणार म्हणतात. येऊ दे. मी ऐकायचं ते ऐकलं आहे. आंबा उतरला की दरवर्षी दत्तात्रेय टोपली घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर थांबतो, खाकरतो, आणि स्वतःच्याच घरात विचारतो, "नीरजा, चार आंबे ठेवू का गो तुझ्या खोलीत?"