जरा पडते

बेलचं बटण मधोमध पिवळं पडलं होतं—जिथे बोटं टेकतात तेवढंच, कडेला अजून पांढरं—आणि नंदिनी त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत उभी होती. किती माणसांनी किती वर्षं दाबलं की प्लास्टिकला असा रंग येत असेल, असा काहीतरी विचार मनातून सावकाश सरकत होता, आणि कुठेतरी लांब, खूप लांब, एक घंटा वाजत होती, थांबतच नव्हती... मग लक्षात आलं की बोट अजून बटणावरच आहे. ते उचलायचं आहे हे तिला कळत होतं. फक्त आत बोट उचलणारं जे कोणी असतं, ते आज कामावर आलं नव्हतं.

दार उघडलं.

"अगं हो, हो! बहिरी नाहीये मी. किती वाजवून राहिली!"

बाई सत्तरीच्या पुढच्या, उंच, कापलेले पांढरे केस, चष्मा कपाळावर चढवलेला. नंदिनीच्या तोंडून वाक्य आपोआप निघालं—सकाळपासून एकोणीस दारांशी म्हटलेलं वाक्य, त्याला आता तिची गरज उरली नव्हती—"नमस्कार, मी घरमोजणीच्या कामासाठी आले आहे, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे, दहा मिनिटं लागतील."

"आणि नाव?"

"नंदिनी गजभिये."

आडनाव सांगितल्यावर समोरचा माणूस किती वेळ थांबतो हे नंदिनीला नेहमी कळायचं. अर्धा श्वास, एक श्वास, कधी काहीच नाही. लहानपणापासूनची सवय, त्यासाठी वेगळं ऐकावं लागत नसे. आज मात्र तिला काहीच ऐकू आलं नाही. तीन जिने चढून आल्यापासून कानात आपलंच रक्त वाजत होतं.

"मी यमुना पांढरीपांडे. आत ये. बस आधी."

बसायचं नव्हतं. बसलं की उठावं लागतं, आणि आज प्रत्येक उठण्याचा हिशेब वेगळा होता. रामदासपेठेतल्या या जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती, समोरचा एक फ्लॅट आणि वरचे दोन राहिले होते, मग गल्लीच्या टोकाचे तीन बंगले. सुट्ट्या लागल्यापासून हेच—सकाळी सातला निघायचं, ऊन टाळत टाळत उन्हातच फिरायचं, मोबाइलमध्ये घरं भरायची. इतर दिवशी काही वाटत नसे. तिला माणसांच्या बैठकीच्या खोल्या बघायला आवडायचं. पण आज पाळीचा दुसरा दिवस होता.

दुखत नाही, हेच तर कोणाला सांगता येत नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, दुखण्याला नाव असतं, गोळी असते. हे नुसतं जड होत जाणं. भिजलेली सतरंजी दोरीवर टाकताना हात कसे खाली येतात, तसं सगळं अंगच ती सतरंजी आणि उचलणारी पण मीच... आणि दर दोन तासांनी कोणाच्या तरी घरी, ओळख नाही पाळख नाही, विचारायचं, बाथरूम वापरू का. सकाळपासून दोनदा विचारलं होतं. एका घरी हो म्हणाले. दुसऱ्या घरी म्हणाले, पाणी नाहीये.

"काकू, बाथरूम वापरू का?"

"विचारायचं काय त्यात. डावीकडे."

परत आली तेव्हा समोर स्टीलच्या पेल्यात गूळ घातलेलं पन्हं होतं आणि दिवाणावर एक जुनं, घडी केलेलं, गडद निळं पांघरूण अंथरलेलं होतं. खिडकीत कूलर चालू होता. वाळ्याच्या ओल्या वासाची हवा अंगावर आली आणि नंदिनी बसली. ठरवून नाही.

"कुटुंबात माणसं किती?"

"मी एकटी. मुलगी बंगळुरूला असते, तिला धरायचं नाही ना?"

"नाही. छत कशाचं आहे?"

यमुनाबाईंनी वर बघितलं. "स्लॅबचं. तुला दिसून नाही राहिलं का?"

"विचारावं लागतं... पिण्याचं पाणी..."

मोबाइलवर पर्याय उघडले होते—नळ, विहीर, हातपंप, बोअर—ती ते वाचत होती, आणि विहीर या शब्दापाशी पाणी खरंच दिसायला लागलं, मातकट, गुडघाभर, त्यात ओणवलेल्या बायकांची रांग...

कुहीजवळचं ते शेत. रोवणीचे दिवस, सुट्टी होती म्हणून आईसोबत गेलेली नऊ वर्षांची नंदिनी. बायका भाताची रोपं लावत मागे मागे सरकत होत्या, आणि आई त्यात नव्हती. धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीच्या आडोशाला आई झोपलेली सापडली. भरदुपारी. तोंड उघडं, हात चिखलाचे, लुगडं कमरेपासून खाली ओलं. तिने आईला असं झोपलेलं कधीच बघितलं नव्हतं, रात्रीसुद्धा. ती घाबरून हलवायला लागली तशी आई दचकून उठून बसली आणि आधी तिने इकडे तिकडे बघितलं.

"काहून झोपली वं आई?"

"घेरी आली होती. कोणाले सांगू नको."

"बाबाले पण नाही?"

"कोणालेच नाही."

आणि उठून पाण्यात उतरली. पुढे कित्येक वर्षं नंदिनीच्या मनात ती चोरीच होती. मजुरीच्या वेळात आई झोपली, आणि आपण तिला लपवलं. बाबा घरी आलेल्या पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे, माझ्या मायने दीक्षा घेतली त्या दिवसापासून या घरात विटाळ शब्द बंद, आमची बाई बाजूला बसत नाही. खरंच बसत नव्हती. एकही दिवस बसली नाही. नंदिनी स्वतः वर्गातल्या मुलींना हेच सांगते, लपवायचं नाही, लाजायचं नाही, सगळी कामं करायची—आणि गेल्या वर्षी कवायतीतून बसायची परवानगी मागणाऱ्या आठवीच्या वेदिकाला म्हणाली होती, हा काही आजार नाही बाळा. मुलगी "हो मॅडम" म्हणून रांगेत जाऊन उभी राहिली होती. कशी उभी राहिली होती... तेव्हा बघितलं नाही.

लुगडं ओलंच असणार ना. सगळ्यांचीच ओली होती. गुडघाभर पाण्यात कोणाचं लुगडं कशाने ओलं झालं हे कोणाला कळणार होतं? मलाही नाही कळलं.

डोळे उघडले तेव्हा वर पांढरी स्लॅब होती.

घड्याळात सव्वातीन. साडेबाराला आली होती. कोणीतरी खिडकीचा पडदा ओढला होता, पंख्याचा वेग कमी केला होता, चपला काढून दिवाणाखाली सरकवल्या होत्या. नंदिनी झटकन उठली, आणि उठताउठता हात मागे गेला, कुर्त्यावर, मग पांघरुणावर. निळ्या कापडावर तळहाताएवढा ओला डाग होता.

"काकू—" तिने पांघरुणाचं टोक ओढलं. "काकू, मी धुऊन देते. आत्ता देते. मला कळलंच नाही, मी कधी अशी..."

यमुनाबाई जेवणाच्या टेबलाशी बसून मेथी निवडत होत्या. उठल्या नाहीत.

"म्हणून तर जुनं घातलं. बेलवर बोट ठेवून उभी होतीस, पांढरीफटक, आणि या उन्हात डोक्याला बांधायची ओढणी कमरेला. मला काय समजत नाही का? ते राहू दे तिथेच. मशीन आहे."

"पण तुमच्याकडे... चालतं?"

विचारल्यावर तिला वाटलं, नको होतं विचारायला. यमुनाबाईंनी एक काडी मोडली, पानं टोपल्यात टाकली.

"आमच्याकडे चालत नव्हतं. सासरी मागच्या खोलीत बसवत. चार दिवस. ताट लांबून सरकवत. इतका राग यायचा की दात दुखायचे." त्यांनी मेथीची दुसरी जुडी ओढली. "झोप मात्र लागायची. त्याचाही राग यायचा."

असल्या झोपेचं कौतुक नंदिनीला करता आलं नसतं. ज्या खोलीत ताट सरकवतात त्या खोलीतली झोप तिच्या आजीने, आईने नाकारली होती आणि ते बरोबरच होतं. पण धुऱ्यावरची झोप? ती तरी कुठे आईची होती? दोन्हीकडे बाई पडलेलीच, एकीकडे सगळ्यांना सांगून, दुसरीकडे कोणालेच नाही...

"मग मी टेलिफोन एक्सचेंजला लागले," यमुनाबाई म्हणाल्या. "ट्रंक कॉल जोडायचे. आम्हा बायकांसाठी आत एक खोली होती, दोन लोखंडी खाटा. कोण पडलं, काहून पडलं, किती वेळ पडलं—कोणी विचारत नव्हतं. बाजूची मुलगी तुझी लाइन बघायची. झालं. तीस वर्षं केली मी ती नोकरी. लोक पगाराचं विचारतात, पेन्शनचं विचारतात. मला त्या खाटा आठवतात."

मग त्यांनी भाजीच्या टोपल्याखालून एक कागद काढून दिला, कॅलेंडरचं उलटं पान. त्यावर सरळ, गोल अक्षरात लिहिलं होतं. पाणी नळाचं. स्वयंपाक गॅसवर. एक स्कूटर, बंद आहे. टीव्ही आहे, बघत नाही. "तू निम्म्यात झोपलीस. पुढे काय विचारशील त्याच्या अंदाजाने लिहून ठेवलं."

नंदिनीला हसू आलं. हसताना छातीत धडधडलं, थोडं हसल्यावरही होतं ते हल्ली.

मोबाइलवर नवऱ्याचे, धम्मानंदचे, चार मिस्ड कॉल होते. ती तिथेच दिवाणावर बसून बोलली.

"कुठे आहेस? मी निघून राहिलो कळमेश्वरहून. कंपनीची गाडी आहे, सीताबर्डीला उतरतो, तुला घेतो. झाली घरं?"

"नाही. झोपले होते."

"कुठे?"

"एका घरी. पांढरीपांडे म्हणून आहेत."

"ओळखीचे आहेत?"

"नाही."

पलीकडे गाडीचा आवाज आला, कोणीतरी मोठ्याने हसलं. धम्मानंद चांगला माणूस होता. भांडी घासायचा, मुलीच्या दप्तराला इस्त्रीच्या कपड्यांसारखं जपायचा. त्याला नाही सांगितलं ते तो रागावेल म्हणून नव्हे. फेब्रुवारीतला रक्ताचा रिपोर्ट फोनमध्ये फोटो काढून ठेवला होता—हिमोग्लोबिन सात पूर्णांक एक—आणि डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, पुढची पाळी झाली की ये, एक दिवस दाखल करू, सलाइनमधून लोह देऊ, सोनोग्राफी करू, एवढं रक्त काहून जातं ते बघावं लागेल. पुढची झाली. त्याच्या पुढचीही झाली. दर वेळी पाचव्या दिवशी बरं वाटायचं, आणि बरं वाटणाऱ्या बाईला रडगाणं गायची लाज वाटायची.

"नंदा? तब्येत बरी नाही का?"

उत्तर तयार होतं. बरी आहे, ऊन लागलं. जिभेवर येऊनही बसलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "थकले मी."

हा शब्द तिने याआधी कधी वापरला नसेल असं नाही, पण तेव्हा त्याच्या मागे 'आज' असायचं, 'जरा' असायचं. आता नुसताच बाहेर पडला आणि तिला वाटलं, पुढे काही जोडलं पाहिजे. जोडलं नाही.

धम्मानंदने गाडीतल्यांना गप्प केलं. "बरं," तो म्हणाला. मग पुन्हा, वेगळ्या आवाजात, "बरं. पत्ता पाठव. मी वरपर्यंत येतो."

"तीन मजले आहेत."

"मग काय झालं?"

फोन ठेवल्यावर तिने पत्ता पाठवला. रिपोर्टचा फोटो शोधला, उघडला. पत्त्याच्या खाली पाठवायचा की समोर बसून दाखवायचा—गाडीत, चार माणसांत तो हे वाचेल, त्याला धड विचारताही येणार नाही... तिने फोटो बंद केला. मग पुन्हा उघडला. तसाच उघडा ठेवून फोन पालथा घातला.

"समोरचे असतात का आता घरी?" तिने विचारलं.

"असतात. चार वाजता चहा घेतात. पाच मिनिटांचं काम आहे तुझं." यमुनाबाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "जायचंय?"

नंदिनीने विचार केला. पाय जमिनीला टेकवून बघितले. जाता आलं असतं. पन्हं पोटात होतं, अडीच तासांची झोप अंगात होती, समोरचं दार सहा पावलांवर होतं, आणि अशाहून वाईट अवस्थेत मी शंभर दारं केली आहेत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, परीक्षेच्या दिवशी, आईला जाळून आल्यावर, कायम उठले. आणि उठल्यावर दर वेळी वाटलं, बघ, जमलं ना.

मघाशी ती झोपली होती त्यात तिचं काही नव्हतं, अंगानेच हात टेकले होते. आता ती पूर्ण जागी होती. डोकं साफ होतं, सबब कोणतीही नव्हती. जागेपणी, दिवसाढवळ्या, परक्या घरात, काम शिल्लक असताना...

यमुनाबाईंनी उत्तराची वाट बघितली नाही. त्या पुन्हा मेथीकडे वळल्या.

नंदिनीने पांघरुणाची घडी उलटली, डागाची बाजू खाली केली आणि तिच्यावर आडवी झाली. थकवा जिथल्या तिथेच होता, पायांत, मानेत, डोळ्यांच्या मागे. तिने एकेका जागी जाऊन तो बघितला. आज पहिल्यांदाच त्याला हाकलायची घाई नव्हती. तो किती मोठा आहे हे तिला दिसत होतं, आणि इतका मोठा असेल असं वाटलं नव्हतं. थोडी भीती वाटली. तीही तशीच राहू दिली.

बाहेर ऊन अजून तसंच असणार. समोरच्या घरात कोणीतरी भांड्यात पाणी ओतलं. उठता येईल, तिने स्वतःला पुन्हा एकदा विचारून बघितलं, आत्ता उठता येईल का? आतून उत्तर आलं, येईल की. तिने ते ऐकलं, आणि पाय आणखी थोडे लांब केले.