हरिदासरावांचं नाव

पद्माकररावांनी फोनवर कबूल केलं होतं, "वहिनी, हरिदासचं नाव स्टेजवरून घेणार. नाव, गाव, जाफना, सगळं." तेवढ्यासाठी संक्रांतीच्या सकाळी सुनेत्रा दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून तिळगुळाचा डबा घेऊन निघाली आणि दोन बस बदलून गुडगावच्या त्या नव्या हॉटेलात आली. हॉटेल कसलं, मोहरीच्या शेतात कुणीतरी काचेचं कपाट आणून ठेवल्यासारखं होतं ते.

तिथल्या परिषदेचा विषय होता शेजारी देशांचं सामूहिक संरक्षण. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. मंत्रालयातून रिटायर झालेले पद्माकरराव मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि आता असल्या परिषदाही भरवत. पाहुण्यांना तिळगूळ द्यायला त्यांना एका शहिदाची बायको हवी होती.

जेवणाच्या टेबलाशी ती डबा धरून उभी होती. बिर्याणीवर हात मारता मारता दिल्लीच्याच कुणीतरी विचारलं, "पर फौज पहले किसकी जाएगी?"

"आपकी, और किसकी? बड़े भाई तो आप ही हैं!"

सगळे खो खो हसले. एकाच्या मिशीला रायतं लागलं होतं. सुनेत्राला नवरा आठवला. लंकेतल्या शांतिसेनेतून शेवटच्या रजेवर आलेला हरिदास म्हणाला होता, "ज्यांना राखायला गेलो तेच गोळ्या झाडतात गं, आणि ज्यांनी बोलावलं तेही आता निघा म्हणतात." आठवड्याने परत गेला तो गेलाच.

तेवढ्यात पद्माकरराव लगबगीने आले. "वहिनी, थोडा चेंज आहे. नाव नको घ्यायला. 'एक वीर जवान' म्हणू. लंकेचे ब्रिगेडियर आलेत ना, त्यांना ऑकवर्ड होईल."

"आणि मला?"

"अहो, आजच्या दिवशी तरी गोड बोला!" असं म्हणून त्यांनी डब्यातला एक लाडू तोंडात टाकला. "वा! बिल्कुल घरच्यासारखा!"

घरचाच होता मेल्या, ती मनात म्हणाली.

मंडळाच्या हळदीकुंकवात बायका ठसक्यात उखाणे घेत तेव्हा सुनेत्राला दरवर्षी स्वयंपाकघरात मसाला दूध ढवळायला पाठवत. प्रेमानेच पाठवत, विधवेला नाव घे कसं म्हणायचं? आठ वर्षं तिने दूध ढवळलं होतं. नवऱ्याचं नाव जिभेवर तसंच राहिलं, सायीखाली दूध राहतं तसं.

स्टेजवर 'एक वीर जवान' झाला. टाळ्या झाल्या. पद्माकररावांनी माइक तिच्यापुढे धरला. "वहिनी, फक्त 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणा."

सुनेत्राने पदर सारखा केला, हळदीकुंकवाला सवाष्णी करतात तसा.

"समुद्रापलीकडे जाफना, तिथे राखलं दुसऱ्याचं दार,
हरिदासरावांचं नाव घेते, तुम्ही तर नाहीच घेणार."

मागच्या रांगेतल्या मंडळाच्या बायकांनी श्वास रोखला. पाहुण्यांना मराठी कुठलं कळायला? एखादी प्रार्थना असेल असं समजून त्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. मिशीवाला तर "वाह! वाह!" म्हणाला. पद्माकररावांनी माइक ओढून घेतला आणि घाईघाईने सांगितलं, "बहनजी कह रही हैं, पड़ोसी सब एक परिवार हैं।"

पुन्हा टाळ्या. इतकी शिसारी तिला लढाईचीसुद्धा कधी आली नव्हती.

पहिल्या रांगेत एका माणसाचे हात मात्र मघाशीच थांबले होते. पांढऱ्या केसांच्या त्या लंकेच्या ब्रिगेडियरला सगळ्या उखाण्यातला एकच शब्द कळला होता, जाफना. तो मान खाली घालून बसला होता.

सुनेत्रा स्टेजवरून उतरली. मिशीवाल्याने पुढे केलेला हात तिने तसाच राहू दिला. ब्रिगेडियरसमोर डबा धरला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात इंग्रजीत विचारलं, "नेम?"

"हरिदास," ती म्हणाली.

"हरिदास," तो म्हणाला, आणि मग त्याने लाडू उचलला.

गोड बोला म्हणायचं ती विसरली नव्हती. म्हणाली नाही, एवढंच.