न्हाणीच्या पाण्यावरचे दोडके

आमच्या मथुरेचे लग्न शके सोळाशे त्र्याण्णवच्या फाल्गुनात, होळीच्या पाच दिवस आधी झाले. मथुरा माझी धाकटी बहीण. मांडव घराच्या मागे परसात घातला होता. वऱ्हाड गेले, मांडव उतरला आणि एरवी तुटके नांगर नि बाभळीच्या फांद्या पडलेल्या असत ती जागा पहिल्यांदा मोकळी दिसली. तीन दिवस तिथे माणसे जेवली होती. पत्रावळी, राख, शेण सगळे त्या मातीत मुरले होते.

ती जागा एकाच सकाळी दोघांच्या नजरेत भरली. एक माझे वडील हिंदुराव, त्यांना आम्ही आबा म्हणत असू. दुसरी माझी बायको तुळजा. आबांनी दुपारपर्यंत तिथे चार लाकडी मेढी पुरल्या, बैलांच्या नव्या गोठ्यासाठी. तुळजेने काही केले नाही, पण तिचे जेवणात लक्ष नव्हते.

तुळजेचे माहेर येरवड्याचे, नदीच्या काठावर. तिकडे होळी झाली की बायका वाळूत काकडीचे बी टोचतात आणि मग पाण्याची काळजी नदी करते. आमची बिबवेवाडी डोंगराच्या पायथ्याशी. कात्रजच्या तळ्याचे पाणी आमच्या बाजूने नळातून शहराच्या हौदांना जाई, पण ते शहराचे. आमची एक विहीर, एक मोट आणि आबांचा कांदा. लग्न होऊन सात वर्षे झाली होती. दर उन्हाळ्यात तिने माहेराहून बी आणले आणि दर उन्हाळ्यात ते मडक्यात किडले. लावायला जागा नव्हती. तिने कधी मागितलीही नव्हती.

त्या काळी सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. तुळजा माझ्या आईशी बोले, पण आबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"आत्याबाई, त्या जागंत दोडके चांगले येतील."

आबा मला म्हणाले, "भैरू, तुझ्या आईला सांग, दोडक्याला बैल बांधता येत न्हाईत."

"आत्याबाई, बैल काय पावसाळ्यापर्यंत झाडाखाली बी ऱ्हातील."

"भैरू, तुझ्या आईला सांग, मग दोडके बी झाडाखालीच ऱ्हाऊ देत."

आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "माझी भाकरी करपली तर दोघांनी एकमेकांना सांगा. मला सांगू नका."

त्यावर दत्तोबाकाका मध्ये पडले. काका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. बारा वर्षे घोडदळात होते, पायाला दुखापत होऊन घरी आले होते. त्यांनी सुचवले की गोठा वैशाखाआधी काही उभा राहत नाही, सुतार मोकळा नाही. तोवर सुनेला लावू द्यावे, काय निघते ते बघावे.

आबांनी बराच वेळ सुपारी चघळली. मग अट घातली. अक्षय तृतीयेला घरातल्या सात तोंडांना एक वेळची भाजी त्या जागेतून पुरली, तर जागा सुनेची. नाही पुरली तर दुसऱ्या दिवशी गोठा. पालेभाजी चालणार नाही, ती उकिरड्यावरही येते. आणि मोटेचे पाणी मिळणार नाही. ते कांद्याचे.

"आणि डोक्यावरून आणलेलं पाणी पिण्याचं, स्वैपाकाचं, अंघोळीचं," आबा म्हणाले. "ते झाडाला घातलेलं मला दिसता कामा नये."

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी तुळजेने नऊ आळी केली आणि दोडक्याचे बी टोचले. त्यातली चार बरोबर आबांच्या चार मेढींच्या बुडाशी होती. आबांनी ते पाहिले, पण मेढींबद्दल अटीत काही नव्हते.

राहिले पाणी. आमची न्हाणी परसाच्या कडेला होती, एक मोठा दगड आणि तीन बाजूंनी कुडाची भिंत. तिचे सांडपाणी मोरीतून अळवाच्या चार पानांना जाऊन संपे, कारण ते होतेच थोडे. पुरुषमाणसे मळ्यात मोटेच्या थारोळ्यावर अंघोळ करीत. घरी अंघोळ करणाऱ्या दोन बायका आणि आमची दोन पोरे. तुळजेने मोरीपासून आळ्यांपर्यंत बोटभर खोल पाट ओढला आणि माझ्याकडे बघितले.

"अहो, उद्यापासून अंघोळ घरी."

"मळ्यात सोपं पडतं."

"कढत पाणी देईन. पाठ चोळून देईन."

मी घरी अंघोळ करू लागलो. अर्थात ते पाणी विहिरीवरून आणायला कावड माझ्याच खांद्यावर आली. पाठ पहिल्या दिवशी चोळून मिळाली. नंतर तिला वेळ होत नसे.

काकांना न्हायला लावणे जड गेले. उत्तरेच्या स्वारीत ऐन थंडीत ते घोड्यासकट नदीत पडले होते आणि ती एक अंघोळ जन्माला पुरली असे सांगत. तुळजेने त्यांच्यापुढे वाफ येणारे घंगाळ नेऊन ठेवले आणि दुखऱ्या पायाला निरगुडीचा पाला घातलाय एवढेच सांगितले. काका आत गेले ते बाहेर यायला तयार नाहीत. दुसऱ्या दिवशी आपण होऊन विचारू लागले, "सूनबाई, पाणी तापलं का?" चार दिवसांनी संध्याकाळीही विचारू लागले. मी कावडीच्या खेपा वाढवल्या.

आबा हे सगळे बघत होते. "भैरू, आपल्या घरात कोणी मेलं का?" त्यांनी एकदा विचारले. "न्हाई, सारखी अंघोळ चाललीय म्हणून इचारलं."

नऊच्या नऊ आळ्यांत रोप वर आले. पाडव्याला एकेकाला चार-पाच पाने होती.

इथे तुळजा चुकली. पाडव्याला सगळे तेल-उटणे लावून न्हातात. घरची माणसे होतीच, तिने शेजारच्या दोन घरांनाही बोलावले, आमच्याकडे पाणी तापलेले आहे म्हणून. माणसे येत गेली, डोक्यावर तेल थापून, अंगाला उटणे चोळून. मोरी दुपारपर्यंत वाहत होती. प्रत्येक आळे काठोकाठ भरले. त्या दिवशी गुढीखाली ती जितकी हसली तितकी मथुरेच्या लग्नातही हसली नव्हती. नदीकाठच्या माणसाला पाणी म्हणजे पाणी, त्यात काय मिसळले हे बघायची सवय नव्हती.

तिसऱ्या दिवशी पाने पिवळी पडली. आळ्यांतली माती वरून पापडासारखी धरली होती, तेलाने चकाकत होती, आणि पाणी खाली उतरत नव्हते. काकांनी थोडी माती बोटांत चोळली, वास घेतला.

"सूनबाई, यात वात लावली तर रातभर जळंल."

पाच वेल गेले. मेढींच्या बुडाशी होते ते चार राहिले. आबा संध्याकाळी मळ्यातून आले, बघून गेले, आणि मला म्हणाले, "तुझ्या आईला इचार, पाच जणांचं सुतक किती दिवस धरायचं?"

तुळजा रडली नाही. तिने खुरप्याने सगळ्या आळ्यांची वरची कातडी सोलून काढली, जुने शेणखत चाळून घातले. मग मोरीपाशी गुडघाभर खड्डा खणला. मी ओढ्यातून पाटीने वाळू आणली, काकांनी बसल्या बसल्या खापऱ्या फोडून बारीक केल्या, आणि खड्डा त्याने भरला. पाणी त्यातून गाळून पुढे जाऊ लागले. तेलाच्या अंघोळी तिने बंद केल्या. काकांनी कुरकुर केली, पण तीही पाण्यात बसूनच केली.

वेल मेढींवर चढले. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास फुले आली आणि सगळी गळाली. आबा म्हणाले, फुलांचीच भाजी करा. आईने त्यांना सांगितले की आधीची फुले पोकळच असतात, तुम्हाला कांद्याशिवाय काही कळत नाही. हे मात्र तिने कोणामार्फत न सांगता सरळ सांगितले.

आठवड्याने खऱ्या फुलांमागे बोटभर दोडके दिसले. पण ऊन वाढले होते, विहीर खाली गेली होती, आणि पाट शेवटच्या आळ्यापर्यंत पोचत नव्हता. मधेच कुठेतरी पाणी जिरे. तुळजा दोन दिवस तो पाट खोल करीत होती आणि जितका खोल करी तितका तो बिघडे.

तिसऱ्या सकाळी आबा मळ्यात गेले नाहीत. म्हणाले, थारोळ्यावर चिखल झालाय, आज इथेच अंघोळ करतो. चार घंगाळे घेतली. मग ओल्या पंच्यानेच परसात येऊन, आपले पाणी कुठवर जाते ते बघत उभे राहिले. पाणी तिसऱ्या मेढीपाशी थांबले. आबांच्या चेहऱ्यावर अशी कळा आली जशी कोणी त्यांच्या बैलाला उलटी वेसण घातली असावी.

"भैरू, हा पाट कोणी काढला?"

"का?"

"मधी पोट दिलंय त्याला. पाणी पोटात बसतं. कुदळ आण."

त्यांनी तासभर उन्हात बसून पाट बांधून काढला, हाताने थापून, लोटाभर पाणी सोडून, परत थापून. चारही आळ्यांत सारखे पाणी जाऊ लागले तेव्हा उठले. काका ओट्यावरून म्हणाले, "दादा, गोठ्याला पाणी लागतंय व्हय?"

"वाईट काम बघवत न्हाई मला," आबा म्हणाले आणि कांद्याकडे गेले.

अक्षय तृतीयेला तुळजेने सकाळी दोडके काढले. अकरा निघाले, त्यातले दोन पोचट. आईने शिरा तासून तीळ घालून चटणी केली, गराची भाजी केली. पुरुष आणि पोरे आधी बसलो. आमरस होता, पुरणपोळी होती. आबांनी आधी भाजी घेतली. मग चटणी घेतली आणि पुन्हा भाजी मागितली. आईने वाढली. पोळी संपली तेव्हा त्यांनी ताट पुढे सरकवून तिसऱ्यांदा मागितली. तुळजा चुलीपाशी होती. तिने पातेल्यात बघितले आणि आईकडे दिले.

बायका जेवून उठल्या तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारले, "पुरली?"

आईला खोटे बोलता येत नसे. "सहा जणांना पुरली," ती म्हणाली. "सून चटणीवर जेवली."

"मग न्हाई पुरली."

दारामागून तुळजा म्हणाली, "आत्याबाई, सात माणसांची धरली होती. मामाजींच्या पाटावर तीन जणं बसतील हे ठाऊक नव्हतं."

काकांना हसता हसता ठसका लागला. आबांनी सुपारी कातरली, अडकित्ता मिटला, परत उघडला. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो.

"चांगली झाली हुती," शेवटी ते म्हणाले. "म्हणून मागितली."

तेवढेच. दुसऱ्या दिवशी सकाळी पहारीचा आवाज आला. तुळजा धावत मागे गेली. आबा परसात नव्हते. ते घराच्या उगवतीला, चिंचेपलीकडे, गोठ्यासाठी नवे खड्डे घेत होते. चार मेढी त्यांनी उपटल्या नाहीत, चार नव्या तोडून आणल्या.

पुढच्या आठवड्यात तुळजेने उरलेल्या जागेत काकडी, भेंडी आणि कारली लावली. त्या वर्षापासून आमच्या घरी उन्हाळ्यात भाजीला कधी तोटा पडला नाही. मोटेचे पाणी मात्र आबांनी शेवटपर्यंत दिले नाही, त्यामुळे आम्ही पंचक्रोशीत सगळ्यांत स्वच्छ माणसे म्हणून राहिलो.

आबा शके सतराशे एकच्या भाद्रपदात, वद्य तृतीयेस वारले. काका त्याच वर्षी पौषात गेले, आई त्यानंतर दोन वर्षांनी. तुळजा गेल्या साली, शके सतराशे चौतीस, माघ शुद्ध नवमीस, सकाळी वारली.