चाकाचा कौल

"आदी त्याका विचारूया," शालिनी म्हणाली. "मागीर तुमका सांगतंय."

श्रीनाथने कप बशीत ठेवला. विधवा बहिणीच्या, गौरवीच्या, दुसऱ्या लग्नाची गोष्ट घेऊन तो पेडण्याहून कारापूरला आला होता. गौरवीची सासू शालिनी रडेल, दोन शब्द सुनावेल, उठून आत जाईल, या सगळ्याची तयारी करून आला होता. पण विचारायचे म्हणजे कोणाला? त्याने गौरवीच्या सासऱ्याकडे, रघुनाथकडे पाहिले. रघुनाथ शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होता. चष्मा स्वच्छ होता, तरी पुसत होता.

"कोणाक विचारतल्यात?" श्रीनाथने शेवटी विचारलेच.

"निहाराक. फाल्यां दिवेलागणीक."

निहार म्हणजे त्यांचा मुलगा, गौरवीचा नवरा. साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता गेला, त्याला दीड वर्ष झाले होते. कपातला उरलेला चहा श्रीनाथने एका दमात संपवला आणि तो मोटारसायकलीला किक मारून निघून गेला.

आता विचारायचे ते कसे, हे सांगायला हवे. आतल्या खोलीत मेजावर एक बग्गी होती, रिमोटवर पळणारी. खेळण्यातली म्हटलेले निहारला खपत नसे. बोटीवर तारवटी असलेल्या चुलत्याने जपानच्या बंदरातून आणलेली ती गाडी लहानपणी त्याने खाणीच्या लाल मातीवर उडवली, चिखलात बुडवली, मोडली. मोठा झाल्यावर तीच पुन्हा उभी करायचे वेड त्याने घेतले. जुने भाग मिळेनात, तेव्हा बापलेकांनी ते घरीच घडवले. पुढच्या चाकांचे हात फायबरच्या पत्र्यातून कापले, तळाची पट्टी खाणीवरच्या भंगारातून काढली. शॉक-अब्सॉर्बरमध्ये आधी शिलाई मशीनचे तेल घातले, ते पातळ पडले, गाडी बेडकासारखी उड्या मारू लागली, तेव्हा दोघेही पोट धरून हसले होते. रेडिओ, म्हणजे रिमोट आणि गाडीतला त्याचे ऐकणारा रिसीव्हर, मात्र निहारने जुनाच ठेवला. रघुनाथने नवा आणून दिला होता, पण निहार म्हणाला, "जुन्या गाडयेक जुनोच कान जाय." नवा तसाच डब्यात राहिला.

तो गेला तेव्हा गाडी अर्धी झाली होती. अर्ध्या गाडीकडे बघत घरात वावरणे रघुनाथला जमेना. जन्मभर खाणीवर टिप्परांचे वायरिंग केलेला माणूस, रडायला त्याला हातात काहीतरी काम लागायचे. त्याने ती पुरी केली.

आणि पुरी झाली त्याच दुपारी ते घडले. अशा गाड्यांचा एक नियम असतो. आधी रिमोट चालू करायचा, मग गाडी. रघुनाथने नुसते तारा तपासायला म्हणून गाडीच चालू केली. जुन्या रिसीव्हरला आपल्या रिमोटचा आवाज मिळाला नाही की तो हवेत जे भटकत असेल ते ऐकतो. कोणाचे वेल्डिंग, विजेच्या तारेची खरखर, काहीही. पुढची चाके थरथरू लागली. शालिनी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "बरी झाली. त्याका आवडली असती." आणि चाके टचकन उजवीकडे वळली.

गावच्या देवळात देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावून कौल घेतात. उजवी पाकळी पडली की होय, डावी पडली की नाही. लग्न, जमीन, भावाभावांचे तंटे, सगळे त्यावर ठरते. घरात कोणाचे न ऐकणारे पुरुषसुद्धा पाकळीचे मुकाट ऐकतात. शालिनीने चहाचा कप खाली ठेवला आणि हात जोडले.

तेव्हापासून रोज दुपारी ती मेजापुढे बसायची. रघुनाथने समजावून पाहिले. "अगो, ती हवेतली खरखर आसा."

"तोय आता हवेतच आसा न्हय?" ती म्हणाली.

विचारायची ती साधेच. थंय बरां आसा मरे? आजीक भेटलंस? आंब्याचां लोणचां घालू? गाडीची उजवी की आपली उजवी, हा प्रश्न तिने पहिल्याच दिवशी सोडवला होता. "गाडयेची. देवाचीय तशीच धरतत." गाडी मेजावरून उडी मारेल म्हणून रघुनाथने मागच्या मोटरची तार सोडून ठेवली होती, तेवढाच काय तो त्याचा शहाणपणा. शालिनी जेवू लागली होती, झोपू लागली होती. म्हणून तो गप्प राहिला. लोणच्याचा निर्णय हवेने घेतला तर कोणाचे काय बिघडते?

पण हे लोणचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाला पोदेर येऊन गेला. गौरवी पावाची पिशवी हातात घेऊन पायरीवरच उभी राहिली. मोपाच्या विमानतळावर ती कामाला होती, तिथली बस नाक्यावर यायला अजून वेळ होता. श्रीनाथ ज्याचे स्थळ घेऊन आला होता तो विशाल तिथलाच, तिच्याच पाळीतला. रघुनाथने त्याला एकदा पाहिले होते. बुटका, हसरा, निहारसारखा अजिबात नाही. ते एक बरे होते.

"बाबा, डावां येयलां तर मी रवतलंय," ती म्हणाली. "आईंचो शब्द मोडून माका जावचां नाय."

"आणि तुका काय जाय, ता कोणी विचारूचां?"

तिने पिशवीतले पाव उगाच खालीवर केले. "ह्या घरात सगळां त्याका विचारतत. मीय विचारलंय, चोरून. तुमी दोगांय भायर गेल्यार." तिने पिशवीला गाठ मारली. "विशाल माका विचारता. जेवलंस काय, बस चुकली काय. माका विचारता, बाबा."

ती पिशवी घेऊन आत गेली. रघुनाथ बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या पडवीत, बसून राहिला. आपल्याला सून नको झाली होती असे नाही. ती गेली तर या घरात संध्याकाळी चप्पल काढल्याचा आवाज होणार नव्हता, हे त्याला समोर दिसत होते. तरी कुठल्या तरी वेल्डरच्या ठिणगीने या मुलीचा जन्म ठरावा, हे त्याला सहन होईना. आणि ठिणगी नसली तर? खरेच तो असला तर? हा दुसरा विचार त्याने मनातसुद्धा पुरा केला नाही.

दिवेलागणीला शालिनीने तुळशीपुढे दिवा लावला, पदर सारखा केला, आणि आतल्या खोलीत जाऊन मेजापुढे बसली. शेजारी गौरवीला बसवले. मेजाच्या मागे जनेल होते, उघडी खिडकी, आणि तिच्या बाहेर, बाल्कांवाच्या अंधाऱ्या टोकाला रघुनाथ रिमोट घेऊन उभा होता. लांब अँटेना त्याने ओढून काढली तेव्हा ती जरा किरकिरली, म्हणून तो भिंतीला चिकटून उभा राहिला.

शालिनीने गाडी चालू केली. चाके थरथरू लागली, रोजच्यासारखी, थंडी वाजल्यासारखी.

"निहार," शालिनी म्हणाली. "बाबू, आयक. गौरवी तरणी आसा. श्रीनाथान सोयरीक हाडल्यान. झील बरो आसा म्हणतत." तिला पुढचे शब्द सापडत नव्हते, ते रघुनाथला बाहेरून कळत होते. "तिका जाव दिवया?"

चाके थरथरत डावीकडे कलली.

किंचितच कलली. तेवढ्यात रघुनाथने रिमोटचे बटण सारले. चाके जागच्या जागी स्थिर झाली. मग त्याने रिमोटवरची वळवायची काडी उजवीकडे दाबली आणि धरून ठेवली. चाके पूर्ण उजवीकडे वळली आणि तशीच राहिली. बोट दुखेपर्यंत त्याने काडी सोडली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला त्याच्याकडे तिसरा हात नव्हता.

आत गौरवी सासूच्या मांडीवर डोके ठेवून हुंदके देत होती. शालिनीने गाडी बंद केली. "जा गो," ती तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "उजवां दिल्यान."

गौरवी भावाला फोन लावायला परसात गेली. रिमोट पाठीमागे धरून रघुनाथ चोरासारखा आत आला. शालिनी चुलीपुढे उभी होती. तिने वळून पाहिले नाही.

"तो असो कधी वळना नाय," ती म्हणाली.

"कसो?"

"तो सारखो थरथरता. होय म्हणतानाय थरथरता. आज आदी गप झालो, मागीर वळलो, आणि वळान तसोच रवलो." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "इतको हट्टी हात एकाच माणसाचो. चाळीस वर्सां बघतंय."

रघुनाथला जमीन दुभंगली तर बरे असे झाले. "शालिनी, मी..."

"गप रवा. बरां केल्यात." आता मात्र तिने पदर तोंडाला लावला. "तिका जा म्हणूचां, ह्या माका कळत नासलां? म्हयनोभर कळता. पण ता माझ्या तोंडात येयना. आवशीच्या तोंडात ता कसां येतलां? माझ्या झिलाची बायल ती." जरा वेळाने ती म्हणाली, "तो डावीकडे गेलेलो, बघितल्यात?"

"खरखर ती."

"आसात." तिने भाकरी तव्यावरून काढली. "पण ल्हानपणापासून तसोच तो. आपली वस्तू कोणाक दिना नासलो. म्हणान सांगतंय, आता तो नवो कान घाला. दुसऱ्या कोणाचां आयकना नाय, तो. त्याका सारकी हाक मारून मारून मीच हंय धरून ठेवलंय. जाव दी त्याकाय."

गौरवीचे लग्न पेडण्याला झाले, कचेरीत सही आणि देवळात हार. शालिनीने तिला आपल्या पाटल्या घातल्या. निरोपाच्या वेळी रडण्यात सगळ्यांनी एकमेकांना मागे टाकले आणि जेवणही झकास झाले. घरी परतल्यावर दोघांनी बोलायला विषय शोधले, ते लवकर संपले.

त्या आठवड्यात रघुनाथने नव्या रेडिओचा डबा उघडला. जुना रिसीव्हर काढला, नवा बसवला, तारा जोडल्या, सोडून ठेवलेली मोटरची तारसुद्धा जोडली. काम अर्ध्या तासाचे होते, त्याने सकाळ घालवली. शालिनी एकदा दारात आली. "झालां?" तिने विचारले. "झालां," तो म्हणाला. ती मान हलवून पाणी भरायला गेली.

त्याने नियमाप्रमाणे आधी रिमोट चालू केला, मग गाडी. चाके सरळ झाली आणि स्थिर राहिली. काम चोख झाले होते. एरवी अशा वेळी तो हात पुसून उठला असता.

तो उठला नाही. चाकांकडे बघत बसला. इतके महिने बायकोला तो सांगत आला होता की ही खरखर आहे. पण रोज दुपारी बाल्कांवावर बसून, कान आत लावून, आज उजवे आले की डावे, हे तोही ऐकत होता. हे त्याचे त्याला आज कळले. शालिनीने निरोप दिला होता. त्याने कधी हाक मारलीच नव्हती.

परसातून घागरीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. त्याने दाराकडे पाहिले आणि मेजावर वाकला.

"निहार," तो हळूच म्हणाला. "बाबू, आसंस?"

चाके सरळच होती.

त्याने बोट पुढे केले आणि एक चाक किंचित उजवीकडे ढकलले. आतली इवलीशी मोटर घुमली, त्याच्या बोटाला रेटून तिने चाक पुन्हा सरळ केले. त्याने पुन्हा ढकलले. पुन्हा सरळ झाले. बॅटरी उतरेपर्यंत रघुनाथ तिथेच बसून होता.