वारा मिळणेबाबत

या गोष्टीत ताई शेवटपर्यंत येत नाही.

हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही असं समजा. मीही तसंच समजून बसमधून उतरलो, लॉजवर दोन खाटांची खोली घेतली आणि खिडकीकडची खाट ताईसाठी सोडली. ताईला खिडकी लागते. मला भिंत चालते.

तिचा निरोप आला होता : "बघते." आमच्या घरात 'बघते' म्हणजे 'नाही', हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण लहानपणापासून ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट प्रवासात सोबत न्यायलाच हवी असं कुठे आहे? सामान आधीच खूप होतं.

"दुसरे पाहुणे?" लॉजच्या मॅनेजरने विचारलं.

"येताहेत."

"केव्हा?"

"बघताहेत."

मॅनेजरने मान हलवली. त्याच्याही घरात कुणीतरी बघत असावं. सकाळी पोऱ्याबिऱ्या न पाठवता तो स्वतःच दोन चहा घेऊन आला. मी एक माझ्या खाटेवर बसून प्यायलो आणि दुसरा ताईच्या खाटेवर बसून. दुसरा जरा गार होता. तिथून खिडकीतून बागेची भिंत दिसत होती. ताईला आवडली असती. म्हणजे ती म्हणाली असती, "ही काय खिडकी आहे?" आणि मग तासभर तिथून हलली नसती.

आता आमच्या धंद्याबद्दल सांगतो. धंदा म्हणजे नाद. पोटाचा धंदा वेगळा : मी चष्म्याच्या दुकानात असतो. दिवसभर लोकांना एकामागून एक भिंगं लावून विचारतो, "हे बरं दिसतं की हे?" लोक म्हणतात, "दोन्ही सारखंच." ताई दातांची डॉक्टर आहे. ती लोकांचं तोंड उघडं ठेवून त्यांना प्रश्न विचारते. तेव्हा उत्तर न मिळण्याची सवय आम्हा दोघांनाही आहे.

सुट्ट्या मिळाल्या की आम्ही कुठल्या तरी गावाला जायचो. ज्या गावात किल्ला, धबधबा, संग्रहालय असं काय काय असेल, तिथे जाऊन आम्ही ते काहीही बघायचो नाही. सरळ गावातली बाग गाठायची आणि पालथं पडायचं. मी पडायचो. मॅक्रो लेन्स लावली की जग फार जवळ येतं आणि फार हलतं. फोकस कांद्याच्या पापुद्र्याएवढा. मुंगीच्या एका डोळ्यावर धरला तर दुसरा डोळा धुक्यात. अशा वेळी साधी झुळूक आली तरी पान असं उसळतं, की वाटावं भूकंप झाला. म्हणून आडोसा लागतो. ताई वाऱ्याच्या बाजूला छत्री धरून उभी राहायची. काळी छत्री, एक काडी मोडलेली. वारा थांबला की ती म्हणायची, "धर." मी श्वास धरायचो, खटका दाबायचो. मग ती म्हणायची, "सोड." मी सोडायचो.

ही पद्धत तिने मला पोहायला शिकवताना लावलेली. पाण्यात तोंड घालायचं आणि ताई 'सोड' म्हणेपर्यंत वर यायचं नाही. एकदा ती मैत्रिणीशी बोलण्यात रंगली. मी वर आलो नाही. आईने केसांना धरून काढलं. त्यानंतर आई तिला ओरडायच्या ऐवजी मला ओरडली, "तुला स्वतःचं डोकं नाही का रे?" होतं. पण ते पाण्यात होतं.

आडोशाचा एक फायदा आम्हाला फार उशिरा कळला. एकदा एका लाल किड्याचा फोटो मोठा करून बघत होतो, तर त्याच्या चकचकीत पाठीवर आभाळ दिसलं. आभाळाखाली खसखशीएवढा मी, आणि शेजारी खसखशीएवढी छत्री घेतलेली ताई. जुने फोटो काढून बघितले. सगळीकडे आम्ही. दवाच्या थेंबात आम्ही, भुंग्याच्या डोक्यावर आम्ही, माशीच्या डोळ्यात तर आमची जत्राच. एका प्रदर्शनात एका जाणकाराने आमच्या फोटोखाली लिहिलं होतं की या किड्याच्या पंखावरचा जादा काळा ठिपका अभ्यास करण्यासारखा आहे. तो ठिपका म्हणजे ताई. मी तिला लगेच फोन करून सांगितलं, तर म्हणाली, "बघ. आईला म्हणावं, माझ्यातही अभ्यास करण्यासारखं काहीतरी आहे."

त्यानंतर ती प्रत्येक फोटोत काहीतरी करू लागली. माझ्या डोक्यामागे दोन बोटं धर, जीभ काढ, छत्री तलवारीसारखी उपस. कुणाला दिसणार नव्हतं. आम्हाला दिसत होतं.

राहिला होता फक्त सोनार. हे नाव आमचं. अर्ध्या नखाएवढा किडा, कासवासारखा घुमट, आणि पाठ अशी सोनेरी की वाटावं, कुणीतरी घासून पुसून ठेवलीय. गारवेलीच्या पानावर बसतो. पण भित्रा. जरा घाबरला की ते सोनं उतरतं आणि विटकरी रंगाचा एक सामान्य नागरिक शिल्लक राहतो. आमच्या सगळ्या सोनारांचे फोटो विटकरी आहेत, कारण ऐन वेळी ताईला हसू फुटायचं. सोन्यात आम्ही दोघांनी एकत्र यायचं राहून गेलं होतं. मग ती लांब गेली, नव्या दवाखान्यात. म्हणजे विमानाने यावं लागतं इतकी लांब, आणि इतकी कामात, की ती सकाळचा दात काढते तेव्हाही तिला दुपारच्या दाताची घाई असते. जाताना छत्री माझ्याकडे ठेवली आणि म्हणाली, "त्या डोंगराकडच्या बागेत गारवेलीचं अख्खं कुंपण आहे म्हणे. तिथे एकटा जाऊ नकोस हं, गोगल्या. सोनार दोघांचा आहे."

गोगल्या म्हणजे गोगलगाय. मी जमिनीवरून सरपटतो म्हणून.

तर मी एकटा गेलो नाही. छत्री होती.

बागेत पोचलो तेव्हा माळी नळ्या पसरत होते आणि एक आजोबा उलटं चालत होते, गुडघ्यांसाठी. कुंपण खरंच अख्खं होतं. आणि त्यात, कमरेच्या खाली, एका पानाच्या कडेला सोनार बसला होता. मला इतका आनंद झाला की मी मागे वळून म्हणालो, "ताई, बघ." मागे उलटे आजोबा होते. ते म्हणाले, "मागचं मला दिसत नाही," आणि निघून गेले.

मी पालथा झालो. छत्री कुंपणात खोचली. ती पडली. बॅगेला बांधली. ती बॅगेसकट पडली.

"ओ, गवतावर झोपायचं नाही." बूट आले. बुटांवर रखवालदार होता, डोक्यावर गोल टोपी.

"झोपलो नाही. फोटो काढतोय."

"डोळा मिटलाय."

"एकच मिटलाय."

"म्हणजे अर्धे झोपलाय." त्याने पाटीकडे बोट केलं. "आडवं व्हायला अधीक्षकांची लेखी परवानगी लागते."

"आणि उभं राहायला?"

"ते तोंडी चालतं."

"ओणवं?"

तो विचारात पडला. असं कुणी आजवर विचारलं नसावं. "ते विचारून येतो," म्हणाला आणि कार्यालयाकडे चालू लागला. प्रामाणिक माणूस.

मी ताईला फोन लावला. तिने उचलला, मागे ते दात कोरायचं यंत्र किंचाळत होतं.

"ताई, सोनार. सोन्यात आहे. आत्ता."

"खोटं!"

"तुझी शपथ."

"माझी कशाला घेतोस, स्वतःची घे की." मग आवाज बारीक झाला. "अरे, मला निघताच आलं नाही रे. इथली दुसरी डॉक्टर रजेवर गेली. मी सांगणारच होते."

"माहीतेय. तू बघत होतीस."

"रागावलास?"

"नाही. तू फक्त 'धर' म्हण. फोन पानाशेजारी ठेवतो."

"मला वारा कसा दिसणार इथून?"

"नको दिसू दे. म्हण."

तिकडे यंत्र बंद झालं. मी दुर्बिणीत बघावं तसं लेन्समधून बघत होतो. सोनाराच्या पाठीवर आभाळ, आभाळात एक ढग, आणि खाली खसखशीएवढा मी. शेजारी जागा रिकामी. फोटोत मोकळी जागा चांगली असते असं सगळे सांगतात. ही चांगली नव्हती.

"धर," ताई कुजबुजली.

मी धरला.

आणि तेवढ्यात तिकडे कुणीतरी कळवळलं. ताई म्हणाली, "आले, आले, दुखतंय का? मोठा आ करा बघू." मी आ केला. म्हणजे ते मला नव्हतं, पण आवाज ताईचा होता. "अजून मोठा. हां, आता तसंच राहायचं, अजिबात हलायचं नाही." मी तसाच राहिलो. यंत्र सुरू झालं. ताई मला विसरली होती. मी श्वास धरून, आ वासून, एका परक्या गावातल्या गवतावर पालथा पडलो होतो, आणि माझ्या तोंडात तपासण्यासारखं काहीही नव्हतं.

सोडायला हरकत नव्हती, हे मला कळत होतं. माझं वय वाढलेलं आहे, मला चष्म्याच्या दुकानात किल्ली देतात. पण ताईने सोड म्हटलं नव्हतं. कानात भों सुरू झाली. पानाच्या कडा काळ्या होऊ लागल्या. फक्त सोनार तसाच, लख्ख.

आणि मग त्याच्या पाठीवर, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेत, एक दुसरा ठिपका सरकत आला. तो आला, थांबला, आणि त्याच्या डोक्यावर छत्री उघडली.

मी आयुष्यात इतका शांत कधी झालो नव्हतो. मला वाटलं, आली. दुसरी डॉक्टर रजेवरून परत आली, ताई निघाली, विमानातून उतरली, बसमधून उतरली, आणि हे सगळं ती फोनवर आ करा म्हणत असताना घडलं. मला त्यात काहीच विसंगत वाटलं नाही. मी खटका दाबला.

"अहो!" वरून आवाज आला. "मेलात की काय? श्वास सोडा!"

कुणीतरी सोडा म्हणालं, म्हणून मी सोडला. सोनार विटकरी झाला.

रखवालदार माझी छत्री धरून उभा होता. "तुमचं तोंड जांभळं झालेलं. मला वाटलं ऊन लागलं. म्हणून सावली केली." मग कडक होत म्हणाला, "ओणवं चालत नाही. अधीक्षकसाहेब म्हणाले, काय ते लेखी द्या."

मी उठून बसलो. त्याने मला पाणी दिलं, आणि पाठीवर थापटलंही, जरा जोरात. मी कॅमेऱ्यात फोटो मोठा केला. सोनं एकदम खरं. प्रत्येक कड धारदार. त्यात आ वासलेला मी आणि छत्री घेतलेला, गोल टोपीचा एक सरकारी माणूस.

ताईचा फोन आला. "गोगल्या! मी सोड म्हणाले का?"

"नाही."

"अरे देवा. मग?"

"दुसरं कुणीतरी म्हणालं." मी तिला फोटो पाठवला. ती मोठा करत गेली असणार. यंत्र किंचाळत नव्हतं.

"माझ्या जागी कोण उभं आहे?"

"रखवालदार."

"छत्री चुकीच्या बाजूला धरलीय त्याने. उन्हाकडे."

"हो."

"मग पान हललं कसं नाही?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी कुंपणाकडे बघितलं. एकही पान हलत नव्हतं. माळ्यांच्या नळीतलं पाणी सुतासारखं सरळ पडत होतं. सकाळपासून वाराच नव्हता.

"इथे वारा आहे," मी म्हणालो. "खूप आहे. हा फोटो नशिबाने आला. आडोशाशिवाय दुसरा येणं शक्य नाही."

"असं?"

"झाडं वाकलीत, ताई."

ती हसली. सोनार सोन्यात असता तर पुन्हा विटकरी झाला असता. "मग यायलाच हवं," ती म्हणाली. "पुढच्या सुट्टीत बघते."

मी म्हटलं, बघ.

रखवालदार शेजारीच उभा होता. त्याने न हलणाऱ्या झाडांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि छत्री मिटून नीट हातात दिली. "कार्यालय त्या बाजूला," एवढंच म्हणाला. तिथल्या बाकावर बसून मी लेखी दिलं, ते असं :

मा. उद्यान अधीक्षक यांसी,

विषय : वारा मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयी विनंतीपूर्वक अर्ज करतो की, आपल्या उद्यानातील गारवेलीच्या कुंपणालगत सकाळच्या वेळी वारा उपलब्ध नसल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले आहे. त्यामुळे सदर ठिकाणी छत्री धरणाऱ्या व्यक्तीची आवश्यकता उरत नाही, ही बाब अर्जदारास अत्यंत गैरसोयीची आहे. तरी पुढील सुट्टीपासून सदर ठिकाणी मध्यम प्रतीचा वारा नियमितपणे सोडण्याची व्यवस्था व्हावी. झाडे वाकतील इतका असल्यास उत्तम. कारण तसे अगोदरच कळविण्यात आले आहे. तसेच वारा देणे कार्यालयास शक्य नसल्यास, ते अर्जदाराच्या बहिणीस कोणत्याही परिस्थितीत कळविण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.